नवा चक घेण्याआधी जुना खोलून पाहा

मी कापडाचा व्यापारी. लेथ मशीनवर लिहिण्याचा मला तसा अधिकार नाही. पण मागे आमच्या घरातच एक नुकसान झाले, आणि त्यातून जे समजले ते आपल्या कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) सुट्या भागांचे जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉपे वाढली. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले या धंद्यात आली. माझा भाचा त्यांपैकीच एक. चिकलठाण्याला भाड्याची शेड, दोन लेथ. त्याचा दोनशे बुशांचा लॉट परत आला. बाहेरचा व्यास बरोबर, आतले भोकही मापात, पण दोन्हींचे केंद्र एक नव्हते. एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. आमच्याकडे थान कमी भरले तर कटपीस करून विकता येते. बुशाचे कटपीस होत नाही, तो भंगारातच जातो.

"मामू, चक म्हातारा झाला, नवा घ्यावा लागेल," भाचा म्हणाला. पैसे कोणाकडून घ्यायचे होते हे सांगायला नको! मी म्हटले, आधी कोणा जाणत्याला दाखव. मग ओळखीचे एक जुने टर्नर उस्ताद आले.

त्यांनी ग्राइंडिंग केलेला एक सरळ गोल रॉड तीन जॉच्या चकमध्ये धरला आणि डायल लावला. जॉजवळ काटा ०.१२ मिलिमीटर फिरला, शंभर मिलिमीटर पुढे त्याच्या दुप्पट. उस्ताद म्हणाले, दोन्हीकडे सारखा फिरला असता तर रॉड नुसता बाजूला सरकला आहे असे समजलो असतो. पुढे वाढतो आहे, म्हणजे रॉड तिरपा उभा आहे. एक तर जॉ पुढून झिजून तोंडाशी फाकले असतील, नाहीतर चकच वाकडा बसला असेल. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डायल जेवढा दाखवतो, केंद्र त्याच्या निम्मे सरकलेले असते. काटा ०.१० फिरला तर केंद्र ०.०५ बाजूला.

मग चक उतरवला. आधी स्पिंडलच्या नाकावर डायल लावून पाहिला. तिथे काटा जवळजवळ हलला नाही, म्हणजे मशीन निर्दोष. बॅकप्लेट आणि चक यांच्यामध्ये मात्र लोखंडाचा बारीक कीस दबून बसला होता. आत स्क्रोल, म्हणजे चकलीसारखे आटे असलेली तबकडी, तेल आणि किसाच्या चिखलाने भरलेली. जॉ काढून सगळे रॉकेलने ब्रशने धुतले. जॉवर १, २, ३ असे आकडे असतात, ते त्याच क्रमाने त्याच खाचेत गेले पाहिजेत. क्रम चुकला तर जॉ मध्यावर एकत्र मिळतच नाहीत. चावीची तीन भोके असतात. तिन्हींतून आळीपाळीने आवळून पाहिले आणि ज्या भोकाने काटा सर्वांत कमी फिरला त्याला खूण केली. आता भाचा तिथूनच शेवटचे आवळतो. (चावी चकमध्ये विसरून मशीन चालू करणाऱ्यांसाठी हा लेख नाही, त्यांनी आधी ती सवय सोडावी.)

आता जॉजवळ ०.०६, पुढेही जवळपास तेवढेच. उस्ताद म्हणाले, वापरलेल्या तीन जॉच्या चककडून याहून जास्त मागू नका. तो लवकर पकडण्यासाठी आहे, केंद्र बिनचूक साधण्यासाठी नाही. एकाच पकडीत बाहेरून आणि आतून दोन्ही काम करून मग तुकडा कापला, तर चक कसाही असो, केंद्र एकच राहते. एकदोन नगच असतील तर चार सुट्या जॉचा चक घ्या. समोरासमोरचे दोन जॉ, एक सैल करून दुसरा आवळायचा, डायलच्या फरकाच्या निम्मे सरकवायचे. ०.०१ पर्यंत येते, पण वेळ जातो.

भाच्याची अडचण अशी की पार्टीकडून तुकडे कापूनच येतात, उलटून धरावेच लागते. त्यासाठी सॉफ्ट जॉ, म्हणजे पाणी न दिलेल्या नरम लोखंडाचे जॉ. ते बसवून आतल्या टोकाला एक रिंग आवळून धरायची, म्हणजे स्क्रोलची ढिलाई एका बाजूला जाते. मग जॉचा पुढचा भाग बुशाच्या बाहेरच्या व्यासाइतकाच बोअर करायचा. बुश त्यात बसतो तो केंद्रावरच. जॉ एकदा उतरवले की पुन्हा बोअर करावे लागतात, इथे आळस चालत नाही. बुश पातळ असेल तर हलकेच आवळावा. जोरात आवळलेला बुश सुटल्यावर तिकोनी होतो, आणि साधा मायक्रोमीटर ते दाखवतही नाही.

ज्या मुलांना डायल लावणे नीट शिकायचे आहे त्यांच्यासाठी चिकलठाणा एमआयडीसीतच इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे चौकशी करावी.

चक तोच आहे. दुसरा लॉट पास झाला. पहिल्या लॉटचे नुकसान मात्र भाचा अजून हप्त्याहप्त्याने भरतो आहे.