काळोखाच्या शोधात पेडणे आणि डिचोली

नक्षत्रे पाहावयास घराबाहेर पडणाऱ्याला तारे शोधावे लागत नाहीत. शोधावा लागतो तो काळोख. आमच्या कोल्हापुरात गच्चीवर उभे राहिले म्हणजे व्याध, मृग, रोहिणी अशी ठळक मंडळी भेटतात. आकाशगंगा मात्र भेटत नाही. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मला ह्याचे नवल वाटत नाही. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला म्हणजे त्यातून गंधार आपोआप उमटतो. परंतु शेजारी कुणी रेडिओ लावला की खर्ज तेवढा राहतो आणि गंधार नाहीसा होतो. आकाशातील अंधुक तेजाचे असेच आहे.

म्हणून गेली काही वर्षे शिकवणीला सुट्टी मिळाली की आम्ही तिघेचौघे दुर्बीण घेऊन आंबोलीचा घाट उतरतो आणि गोव्याच्या उत्तर टोकास, पेडणे-डिचोलीकडे वळतो. वाचक विचारतील, एवढ्यासाठी गोवा कशाला? अक्षांश पाहावा तर पेडणे कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे एकच अंश. खरे आहे. परंतु आम्हाला हवा असतो त्रिशंकू. त्याचा सर्वांत खालचा तारा तेथे ऐन मध्यावर आला तरी क्षितिजापासून अकराएक अंशच चढतो. हात लांब करून मूठ धरावी, तिच्याहून किंचित अधिक. तेवढ्या पट्ट्यात एखाद्या शहराचा उजेड असला की त्रिशंकू गेलाच. तेव्हा जागा पारखताना डोक्यावरचे आकाश नंतर, दक्षिणेचे क्षितिज आधी.

ह्या कसोटीला पेडण्याचा किनारा उतरत नाही. केरीला तेरेखोलच्या मुखाशी पश्चिमेस समुद्र उत्तम मोकळा आहे. पण दक्षिणेस हरमल, मांद्रे आणि त्यापलीकडे बार्देशातील कळंगुट. शिवाय खारी, दमट हवा त्या उजेडाला आणखी पसरवते. मोरजीच्या वाळूत कासवे अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडालाच समुद्र समजून भलतीकडे धावतात, म्हणून तेथे दिव्यांना आवर घालावा लागतो. कासवांच्या पुण्याईने चार तारे अधिक दिसतात, इतकेच.

जांभ्या दगडाचे सडे हीच ह्या भागातली खरी जागा. उंच, सपाट, झाडांची आडकाठी नाही. परंतु विमान उतरवायलाही नेमकी अशीच जमीन लागते! मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने येऊ-जाऊ लागली. आता त्या बाजूस रात्र होत नाही.

डिचोलीची गोष्ट अधिक अवघड. तिथला सडा लोहखनिजाने भरलेला. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, मध्यंतरी चालल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. खाणी थांबल्या तेव्हा तिथले तारे परत आले असतील. पण ज्याचा ट्रक दारात गंजत उभा, त्याला आकाशगंगेचे कौतुक काय सांगावे? एका चहावाल्याने मला हसत विचारले, ‘मास्तर, काळोख बघायला पेट्रोल जाळून आलात?’ ह्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. २०२४ साली डिचोलीची खाण परत सुरू झाली आहे.

आमची जागा तालुक्याच्या पूर्वेस, सत्तरीच्या वाटेवर आहे. पणजी, म्हापसा पाठीमागे राहतात. आग्नेयेस सह्याद्रीची जंगले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या अमावास्येला तिथे मोटारींचे दिवे नकोत. माघ अमावास्येच्या सुमारास उत्तररात्री दोन-तीनला त्रिशंकू सरळ उभा दिसतो. त्याच्यावर, नरतुरंगात, ओमेगा नावाचा तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांना कापसाच्या बोंडासारखा दिसतो. लाखो सूर्यांचा तो पुंजका.

पहाटे पूर्वेस भुजंगधारी वर येतो. १९७७ साली सोडलेले पहिले व्हॉयेजर यान त्याच दिशेने चालले आहे. आज ते सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. त्यावरील सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या केरीच्या, मात्र फोंड्याच्या केरीच्या, पेडण्याच्या नव्हे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब आमच्या कोल्हापूर दरबारचे. गवयाच्या पोराने आणखी काय पाहावे?

असो. जाणाऱ्यांनी जमीनमालकाला आधी विचारावे. विजेरीला लाल कागद बांधावा, डोळे काळोखाला सरावण्यास अर्धा तास द्यावा, आणि पहाटे दव पडते म्हणून भिंगे पुसावयास जुने धोतर न्यावे. महाराष्ट्रात पेंचच्या जंगलाला २०२४ च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. डिचोलीत तेवढे मागत नाही. रस्त्यांच्या दिव्यांवर टोप्या बसवून उजेड खाली सोडला, तरी खाणकामगाराची मजुरी बुडत नाही.