मंत्री, रेडिओ आणि बुधवारची रात्र

आमचे आजोबा शाळामास्तर. सिनेमाची गाणी म्हणजे पोरे बिघडवण्याचा धंदा, असे त्यांचे ठाम मत. पण बुधवारी रात्री आठला शेजारच्या बिऱ्हाडात रेडिओ सिलोन लागला, की त्यांच्या जपमाळेचे मणी थांबत, असे आजी हसतहसत सांगे!

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचा कैवारी. संस्थाने गेली, गवयांचा आश्रय गेला. तो आकाशवाणीने द्यावा, ही त्यांची तळमळ खरी होती. त्याच वर्षी अखिल भारतीय संगीत-सभाही सुरू झाली. पण तेवढ्यावर भागले नाही. चित्रपटगीतांवर बंधने आली, निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोत्यांनी काय केले? मोर्चा काढला नाही की अर्ज केला नाही. निमूटपणे रेडिओची कळ फिरवली! वर्षअखेरीस अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सिलोनवर सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, कोलंबोला जाई आणि तिथून लहरींवर स्वार होऊन पुन्हा आपल्याच माजघरात येई. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' काढून सरकारने रंजनाला दार उघडले.

गंमत अशी, की मधल्या काळातच, १९५५ साली, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके; दोघेही चित्रपटसृष्टीतले नामवंत! ज्या हातांनी सिनेमाची गाणी घडवली, त्याच हातांनी घराघरांत रामकथा पोचवली. मग अभिरुचीची भिंत नेमकी कुठे घालायची?

हे सारे मी वर्गात शिकवतो. तरीही यंदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सिनेमाची गाणी नकोत, अशी सूचना मीच मांडली. एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "सर, मग आम्ही ती ऐकायचीच नाहीत, की फक्त तुमच्यासमोर ऐकायची नाहीत?"

मला आजोबांची थांबलेली जपमाळ आठवली. सूचना मागे घेतली. एवढेच म्हटले, "तुमची गाणी म्हणा, त्यांत माझ्या आवडीचे एक नाट्यपदही असू द्या." पोरांनी ते आनंदाने कबूल केले. केसकरांनीही श्रोत्यांपुढे अशीच विनंती ठेवली असती तर?