खोकल्याच्या गोळीचं दारूशी काय नातं?

पाण्यात टाकली की फसफसते, संत्र्यासारखी लागते आणि छातीतला कफ पातळ करते. ही गोळी तुमच्याही घरी कधीतरी आली असेल. तिच्यातलं औषध म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टिन, थोडक्यात ‘नॅक’. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झालेल्या पेशंटचं लिव्हर वाचवायलाही डॉक्टर हेच देतात. आता दारूचं व्यसन सोडवण्यासाठी याच नॅकवर संशोधन चाललंय.

नॅक हे ॲण्टिऑक्सिडंट. म्हणजे ग्रीन टीच्या पाकिटावरचा तोच शब्द! त्याचा व्यसनाशी काय संबंध? तर दारू जशी लिव्हरची वाट लावते, तशी मेंदूचीही लावते. शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं, पेशींना इजा करणारे रेणू वाढतात, सूज येते. मेंदूत निरोप पोचवणारं ग्लुटामेट नावाचं रसायन असतं. काम झालं की ते आवरून ठेवावं लागतं. या सगळ्या गोंधळात ती आवराआवरच बिघडते. मग ओळखीचा वास आला, जुना ग्रुप भेटला, की तलफ उसळते. नॅकमुळे शरीराचं स्वतःचं ॲण्टिऑक्सिडंट, म्हणजे ग्लुटाथायोन वाढतं आणि ग्लुटामेटची घडीही पुन्हा बसू लागते.

चिलीमधल्या संशोधकांकडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले उंदीर आहेत. समोर पाणी आणि दारू ठेवली, तर ते दारूकडे जातात. काही दिवस बंद करून पुन्हा दिली की तिच्यावर तुटून पडतात. नॅक आणि ॲस्पिरिन एकत्र दिल्यावर मात्र त्यांचं रोजचं पिणं आणि हे तुटून पडणं, दोन्ही खूप कमी झालं.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतले एक काका आठवले. अकरा महिने थेंब घेतला नव्हता. पुतण्याच्या हळदीत एकच पेग घेतला आणि पुढचे चार दिवस ते शुद्धीवर नव्हते. ‘मनच कच्चं’, सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पण थांबा, लगेच मेडिकलमध्ये धावू नका. गांजाच्या व्यसनासाठी अमेरिकेत नॅकची ट्रायल झाली. २०१२ मध्ये टीनेजर्समध्ये निकाल चांगला आला, २०१७ मध्ये मोठ्यांमध्ये मात्र नॅक आणि औषध नसलेली गोळी यांत फरकच दिसला नाही. दारूबाबत माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. त्यात ॲस्पिरिन आणि दारू एकत्र पोटात गेली तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडली, तर फिट येऊ शकते. जिवावरही बेतू शकतं.

तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आजही आहेत, सायकिॲट्रिस्ट ती लिहून देतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहेच. त्यामुळे ‘सोमवारपासून बंद’ असं तिसऱ्यांदा म्हणणाऱ्या रूममेटला हसण्यापेक्षा त्याच्यासोबत ओपीडीत जाऊन बसा.

काका सध्या पुन्हा उपचार घेतायत. त्यांना मी उंदरांचा किस्सा सांगितला. म्हणाले, “छानच! पण उंदरांना कोणी हळदीला बोलवत नाही ना गं.”