सेरिफ लावला की श्रीमंती येते?

रोमन अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय फुटलेले असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. सराफी पेढी असो, अत्तराचा ब्रँड असो की तारांकित हॉटेल, लोगो करायचा म्हटले की मालकाची मागणी ठरलेली : ‘जरा क्लासी द्या, सेरिफमध्ये.’ मागणीत काही वावगे नाही. तिच्यामागच्या समजुती मात्र तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज १ : उंची ब्रँडला सेरिफच शोभतो.

वस्तुस्थिती : शॅनेल आणि लुई व्हितॉं ही नावे कित्येक दशके बिनसेरिफ कॅपिटल अक्षरांत मिरवत आहेत. २०१२ मध्ये सँ लोराँने आणि २०१८ मध्ये बर्बेरीने तसाच साधा लोगो स्वीकारला. त्या दशकात इतक्या फॅशन कंपन्या याच वाटेने गेल्या की सगळ्यांचे लोगो एका हातचे वाटू लागले. २०२३ मध्ये बर्बेरी पुन्हा सेरिफकडे वळली आणि तिचा जुना घोडेस्वारही परत आला. सेरिफचा रुबाब असा आजूबाजूच्या पाट्यांवर अवलंबून असतो. सगळे एका बाजूला असतील, तर उठून दिसण्याची जागा दुसऱ्या बाजूला असते. म्हणून आधी स्पर्धकांचे लोगो एका कागदावर ओळीने लावून पाहावेत.

गैरसमज २ : रेघ जितकी नाजूक, तितका फॉन्ट श्रीमंत.

वस्तुस्थिती : नाजूक रेघेला कागद आणि शाईही तोलामोलाची लागते. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिलच्या काव्याचा ग्रंथ छापला, तेव्हा अक्षरांबरोबर गुळगुळीत कागद आणि गडद काळी शाई यांवरही त्याने मेहनत घेतली. पुढे पॅरिसच्या फिर्मँ डिडोने आणि पार्मा शहरातल्या जांबात्तिस्ता बोदोनीने जाड आणि बारीक रेघांमधला फरक टोकाला नेला. फॅशन मासिकांच्या शीर्षकांत आज दिसते ते वळण या दोघांचे.

मोठ्या आकारात हे वळण खुलते. तेच व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्याला लावले, तर जाड उभ्या रेघा तेवढ्या दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा विरून जातात. खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचे अक्षर वेगळे कोरले जाई आणि लहान मापात बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड ठेवली जाई. संगणकावर एकच अक्षर हवे तसे लहान-मोठे करता येऊ लागले आणि ही काळजी मागे पडली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जोनाथन हफ्लर यांनी ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी डिडोचे वळण नव्याने रेखाटले, तेव्हा त्यांनी ते ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत सात मापांसाठी वेगवेगळे काढले.

फॉन्टच्या नावात ‘डिस्प्ले’ असेल, तर तो मथळ्यांसाठी आहे असे समजावे; बारीक मजकुरासाठी ‘टेक्स्ट’ प्रकार शोधावा. आणि निवड स्क्रीनवर करू नये. पाकिटावरचे सोनेरी फॉइल, कापडावरचे भरतकाम, कोरलेली पितळी पाटी यांपैकी जिथे अक्षर सर्वांत लहान आणि पृष्ठभाग सर्वांत खरबरीत असेल, तिथे ते उमटवून पाहावे.

गैरसमज ३ : नावाजलेला फॉन्ट घेतला की चूक होत नाही.

वस्तुस्थिती : बास्करव्हिलची अक्षरे वाचून लोकांचे डोळे जातील, अशी तक्रार एका गृहस्थांनी बेंजामिन फ्रँकलिनकडे केली. फ्रँकलिनने कॅसलन या दुसऱ्या अक्षरकाराच्या अक्षरांचा नमुना घेतला, वरचा नावाचा भाग फाडला आणि तो बास्करव्हिलचा म्हणून त्यांच्यापुढे ठेवला. गृहस्थ त्यातलेही दोष दाखवू लागले. हा किस्सा फ्रँकलिनने १७६० मध्ये पत्राने खुद्द बास्करव्हिललाच कळवला.

नावाचा भरवसा उलट बाजूनेही धरता येत नाही. सोळाव्या शतकातल्या क्लोद गॅरामाँच्या नावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे टाइप विकले गेले, त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात सतराव्या शतकातल्या झाँ झानोंच्या अक्षरांवरून घेतलेले होते. बिॲट्रिस वॉर्ड यांनी ते १९२६ मध्ये उजेडात आणले. आजही त्या एका नावाखाली परस्परांहून निराळे फॉन्ट मिळतात. तेव्हा नाव बाजूला ठेवून आपल्या ब्रँडचेच शब्द टाइप करून पाहावेत. रोममधल्या शिलालेखावर बेतलेल्या ट्रेजनला तर मुळात स्मॉल अक्षरेच नाहीत. वेबसाइटचा मजकूर त्यात कसा लावणार?

गैरसमज ४ : फुकटचा फॉन्ट हलका, विकतचा घेतला की आपल्या मालकीचा.

वस्तुस्थिती : कॉर्मोरंट आणि प्लेफेअर डिस्प्ले खुल्या परवान्याखाली मिळतात, धंद्यासाठीही चालतात आणि रेखाटनात कुठे कमी पडत नाहीत. त्यांची अडचण एवढीच की ते सगळीकडे दिसतात. विकतच्या फॉन्टमध्ये आपण मालकी नव्हे, वापराचा परवाना घेतो. छपाई, वेबसाइट आणि ॲप यांसाठी तो बहुधा वेगवेगळा असतो. किमती छापायच्या असतील, तर आणखी एक गोष्ट तपासावी. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या अनेक फॉन्टमध्ये ते नसते.

गैरसमज ५ : इंग्रजी लोगो ठरला की मराठी नाव कसेही चालते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीतले मराठी नाव बंधनकारक आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही. म्हणजे गिऱ्हाईक दोन्ही अक्षरे एकाच नजरेत पाहणार. तरीही सुबक सेरिफच्या शेजारी संगणकात आधीपासून असलेला कुठलातरी फॉन्ट चिकटवलेला दिसतो. दुसरे टोक म्हणजे देवनागरीला रोमन पाय जोडणे. बोरूने घडलेल्या देवनागरीत जाड-बारीक रेघांचा कल रोमनच्या उलट असतो, शिवाय वर शिरोरेघ. जोडी जमवायची ती रेघांच्या वजनाने आणि दोन्ही अक्षरांच्या डोळ्याला भासणाऱ्या उंचीने. इंडियन टाइप फाउंड्रीच्या रोझा वनमध्ये दोन्ही लिप्या एकत्र रेखाटल्या आहेत, पण तो ठसठशीत मथळ्याचा फॉन्ट आहे. वाचनाच्या मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी आहे. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात.

डिझायनरला काम देताना ‘क्लासी’ म्हणण्यापेक्षा तीन गोष्टी सांगाव्यात : अक्षर कुठकुठे उमटणार, त्याचे सर्वांत लहान माप कोणते आणि ते कोणकोणत्या लिप्यांत लागणार. तेवढ्यानेच अर्ध्याअधिक फॉन्टची नावे यादीतून कटतात.