जबड्यातला खिळा आणि धातूची कातडी

मंडळी, पितळेच्या भांड्याला कल्हई कशासाठी लावतात, हे तुम्हांला सांगायला नको. कल्हई उडाली की ताक कळकलेच! भांडे पितळेचे खरे, पण अन्नाशी गाठ पडते ती वरच्या पातळ थराची. जबड्यात बसवायच्या कृत्रिम दाताचेही असेच आहे, बघा.

पडलेल्या दाताच्या जागी हाडात आटे असलेला बारीक खिळा बसवतात व त्यावर दात चढवतात. हा खिळा बहुधा टायटॅनियमचा असतो, किंवा त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेल्या मिश्रधातूचा.

स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क १९५० नंतरच्या काळात सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी काढायला गेले, तर ती निघेचना! हाडाने तिला घट्ट धरले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे खिळे बसवले. ते चाळीस वर्षे टिकले.

हाडाने हा परका धातू आपला कसा मानला? टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि लोखंड खातो. हा थर मात्र चिकटून राहून धातूचे रक्षण करतो. कल्हई पुन्हा लावावी लागते. हा थर ओरखडा पडला तरी आपोआप भरून येतो.

पण धातू गुळगुळीत असेल तर हाडाची पकड बसायला वेळ लागतो. पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला टाकी लावून घेतो ना? तसेच कारखान्यात खिळ्यावर बारीक कण जोराने मारतात, मग तो आम्लात बुडवतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे खळगे पडतात, आणि त्यांत नवे हाड रुजते.

मग जास्तच खडबडीत का करू नये? इथेच खरी मेख आहे. हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला, तर त्याच खळग्यांत जंतूंचे किटण साचते. हिरडी सुजते, भोवतालचे हाड झिजते आणि शेवटी घट्ट बसलेला खिळाही हलू लागतो.

म्हणून, बसवलेला दात किडत नाही, या भरवशावर राहू नका. रोज दोनदा दात घासा. तंबाखू-विडी सोडा, मधुमेह असल्यास ताब्यात ठेवा आणि वेळोवेळी दंतवैद्याला दाखवा. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे : खिळा कितीही चांगला असला, तरी आपल्या मूळ दाताची सर त्याला नाही.