खत कारखान्यातील जिप्सम : टाकाऊ पदार्थ की उपउत्पादन?

‘टाकाऊ पदार्थ’ आणि ‘उपउत्पादन’ या दोन संज्ञा आपण पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरतो. वास्तविक त्यांचे कार्य भिन्न आहे. ‘उपउत्पादन’ ही संज्ञा पदार्थाची उत्पत्ती सांगते: मुख्य उत्पादनाबरोबर जे अपरिहार्यपणे तयार होते ते. ‘टाकाऊ’ या शब्दात मात्र कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. हा भेद व्यवहारात किती दूरवर पोहोचतो हे समजण्यासाठी फॉस्फोजिप्सम या पदार्थाचे उदाहरण घेऊ.

पिकांना लागणारा स्फुरद ज्या फॉस्फेट खडकातून मिळतो, तो खडक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तो दळून त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करतात. तिच्यातून फॉस्फोरिक आम्ल आणि कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम, तयार होते. आम्ल गाळून घेतले की गाळणीवर जो पांढुरका, ओलसर चोथा उरतो तो फॉस्फोजिप्सम. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेल्या एक टन स्फुरदामागे सुमारे ५ टन फॉस्फोजिप्सम निघते. डीएपी या खतात ४६ टक्के स्फुरद असतो. म्हणजे शेतकऱ्याने घरी आणलेल्या ५० किलोच्या एका गोणीमागे शंभर किलोहून अधिक जिप्सम कोठेतरी साचलेले असते. फॉस्फोरिक आम्ल परदेशातून आणले असेल, तर हा ढीग त्या देशात राहतो. आपल्या हिशेबात तो दिसत नाही, इतकेच.

आता याच खडकापासून आणि याच आम्लापासून बनणारे दुसरे खत पाहा. सिंगल सुपर फॉस्फेट तयार करताना गंधकाम्ल कमी वापरले जाते आणि जिप्सम वेगळे काढलेच जात नाही. ते खतातच राहते. या खताच्या गोणीवर १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक असे छापलेले असते. हे गंधक मुख्यतः त्या जिप्सममधले. तेलबियांसाठी शेतकरी ते हौसेने विकत घेतो. तोच पदार्थ एका गोणीत अन्नद्रव्य आणि दुसऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगणात राडारोडा!

मग ढीग का साचतात? याचे एक कारण अगदी रोकडे आहे. जिप्सम स्वस्त आणि वजनदार असते. त्याच्या किमतीपेक्षा वाहतुकीचे भाडेच भारी पडते. खडक जहाजाने येत असल्यामुळे पारादीप, विशाखापट्टणम, तुतिकोरिन अशा बंदरांजवळ कारखाने उभे राहिले. जिप्समची गरज असलेल्या जमिनी मात्र बहुधा देशाच्या अंतर्भागात आहेत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या चोथ्यात थोडे आम्ल आणि फ्लोराइड शिल्लक राहतात. खडकातील युरेनियम बहुतांशी आम्लाबरोबर जाते. त्यापासून उत्पन्न होणारे रेडियम मात्र जिप्सममध्ये उतरते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ मध्ये फॉस्फोजिप्सम ढिगातच ठेवण्याचा नियम केला. १९९२ मध्ये ग्रॅममागे १० पिकोक्युरीपर्यंत रेडियम असलेले जिप्सम शेतीत वापरण्याची मुभा मिळाली. फ्लोरिडाच्या मध्य भागातील जिप्सम या मर्यादेच्या बरेच वर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ते रस्त्यांसाठी वापरण्यास परवानगी मिळाली आणि जून २०२१ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत फ्लोरिडातील पायनी पॉइंट या बंद पडलेल्या खत कारखान्यात, जिप्समच्या ढिगावरील तलावाला गळती लागली. बांध फुटू नये म्हणून २० कोटी गॅलनहून अधिक दूषित पाणी टॅम्पा उपसागरात सोडावे लागले. ढीग म्हणजे सुरक्षित साठवण, ही समजूत यामुळे टिकत नाही.

भारतातील २००८ च्या घातक कचरा नियमांत फॉस्फोजिप्समला फ्लाय ॲशच्या पंक्तीत बसवून ‘मोठे आकारमान, अल्प परिणाम’ या वर्गात घातले गेले आणि घातक कचऱ्यातून वगळले गेले. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. परिणाम अल्प, पण कोणावर? ढिगाच्या उतारावर ज्याची विहीर आहे त्याच्यावरही? वर्गनाम हे सांगत नाही. तरीही पुनर्वापराचा मार्ग या वर्गीकरणामुळेच सुकर झाला, हेही मान्य करायला हवे.

सिमेंट लवकर घट्ट होऊ नये म्हणून त्यात थोडे जिप्सम घालतात. फॉस्फोजिप्सम तेथे चालते, परंतु उरलेला फॉस्फेट सिमेंटचे घट्ट होणे गरजेपेक्षा अधिक लांबवतो. म्हणून ते आधी धुवावे लागते किंवा चुन्याने त्याचे उदासिनीकरण करावे लागते. ते तापवून त्यातील पाणी घालवले की प्लास्टर बनते. काचतंतू मिसळलेल्या अशा प्लास्टरच्या १२ मीटर लांब, ३ मीटर उंच पोकळ भिंती मुंबईत राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात तयार झाल्या. मद्रास आयआयटीने त्यांच्यावर घरबांधणीचे संशोधन केले. बांधकाम साहित्यातील रेडियमसंबंधी अणुऊर्जा नियामक मंडळाने अटी घातल्या आहेत.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपयोग चोपण जमिनीचा. ‘चोपण’ हा शेतकऱ्याचा शब्द मोठा नेमका आहे: ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी आणि पाणी आत न घेणारी जमीन. अशा मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, त्यामुळे कण विखुरतात आणि छिद्रे बुजतात. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, कण पुन्हा एकत्र येतात आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली उतरते. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, तसेच अतिसिंचनाने बिघडलेल्या सांगलीकडच्या ऊसक्षेत्रात हा उपाय लागू पडतो. परंतु निचऱ्याचे चर नसतील तर सोडियम तेथेच राहते आणि जिप्समवरचा खर्च वाया जातो. किती जिप्सम घालायचे ते माती परीक्षणावरून ठरवावे. ते खत कारखान्यातून आलेले असेल, तर त्यातील फ्लोराइड आणि रेडियमचे विश्लेषणही विक्रेत्याकडून आधी मागून घ्यावे.