पटसंख्या व शिक्षकपदे (कोल्हापूर महानगरपालिका शाळा)

कोल्हापूर महानगरपालिकेच्या प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळा महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीमार्फत चालवल्या जातात. त्या मराठी व उर्दू माध्यमांच्या असून काही ठिकाणी सेमी इंग्रजीचे वर्गही आहेत.

विद्यार्थी

शाळेत कोणी बसावे, हा प्रश्न शहरात जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या स्वतंत्र शाळा १९१९ मध्ये बंद करून त्यांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचा हुकूम निघाला. आज या शाळांत मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने असली, तरी त्या केवळ गरिबांच्या शाळा आहेत असे म्हणता येत नाही. जरगनगर येथील लक्ष्मीबाई कृष्णाजी जरग विद्यामंदिरात प्रवेश मिळावा म्हणून गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालकांनी रांगा लावल्याचे दिसले आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतील यश हे या ओढीचे एक प्रमुख कारण होय.

शिक्षक

शिक्षकपदे शाळेच्या इच्छेवर नव्हे, तर संचमान्यतेवर ठरतात. त्यासाठी साधारणपणे ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे लहान शाळेत दोघांना पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात. सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. या इयत्तांचा पट १०० च्या वर गेल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे.

राज्य शासनाच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयानुसार मात्र सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असल्यास नियमित शिक्षकाचे पद मंजूर होत नाही. शिक्षक संघटनांनी त्यास विरोध केला. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून त्याचे अन्यत्र समायोजन होते. गणिताचा शिक्षक गेलेल्या शाळेतून पालक मुलांना काढू लागतात आणि पुढील संचमान्यतेत आणखी एक पद धोक्यात येते.